माठ, डोंगर आणि बिअर

कासलबारमध्ये क्वचितच पारा पंचविशी गाठतो, पण गाठला की घरी बिअर करणाऱ्यांची धांदल उडते. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण 18 ते 20 अंशांत सुखी असते. शिवाय आंबताना ते स्वतःच उष्णता सोडते, म्हणून पिंप खोलीपेक्षा गरम राहते. उष्णता वाढली की चव उग्र होते.

ही चिंता जुनी आहे. बव्हेरियात 1553 पासून 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर बनवायला बंदीच होती. हिंदुस्थानात गोऱ्या सैन्याला बिअर हवी होती, पण मैदानातला उन्हाळा आडवा येई. म्हणून कारखानेच डोंगर चढले: 1850 च्या दशकात एडवर्ड डायरचा कसौलीत, 1860 मध्ये दुसरा मरीजवळ घोडा गलीत. पुढे 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचे शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत चालू लागले आणि डोंगराची गरज संपली.

घरच्या पिंपाला मात्र अजून माठाचेच शास्त्र लागू पडते. ओले फडके आणि पंखा लावला की वाफ होणारे पाणी उष्णता घेऊन जाते. विदर्भात वाळ्याच्या ताट्या याच न्यायाने घर गार करतात. मुंबईच्या दमट हवेत तो न्याय लंगडा पडतो. कासलबारची हवाही दमटच. म्हणून इथे पिंप पाण्याच्या टबात ठेवून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे. साम्राज्याला त्यासाठी डोंगर लागला; आपल्याला फ्रीजरचा एक कप्पा पुरतो.