'दादा, मेल उघडंना': लॉगिनच्या खिडकीचा इतिहास

जून-जुलै आला की शिष्यवृत्तीचे अर्ज, कॉलेजचे प्रवेश, भरतीचे फॉर्म, सगळं एकदम अंगावर येतं. जालना असो, अंबड असो की मंठा, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दादा, मेल उघडंना." आयडी आठवतो तर पासवर्ड आठवत नाही. पासवर्ड आठवतो तर ओटीपी भलत्याच नंबरवर जातो. तो नंबर कुणाचा? ज्याने तीन वर्षांपूर्वी खातं काढून दिलं त्याचा. आणि तो आता पुण्याला कंपनीत लागलाय.

आज याच अडचणीचा इतिहास सांगणार आहे. लोक म्हणतात, आजकालच्या पोरांच्या काही लक्षात राहत नाही. मला ते पटत नाही. आपल्याकडे मेलचं खातं ज्या वाटेने आलं आणि ज्यांच्या हातून आलं, तिथेच या अडचणीची मुळं आहेत.

सुरुवात शब्दापासून करू. पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. हा शब्द पहाऱ्याचा. रात्री तटावर कुणी आलं की पहारेकरी शब्द विचारणार, बरोबर सांगितला तर आत. रोमन फौजेत हा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकडीतुकडीत कसा फिरवायचे याचं वर्णन पॉलिबियस या इतिहासकाराने करून ठेवलंय. पण हा शब्द एकट्याचा नसायचा, सगळ्या छावणीचा असायचा. रात्र संपली की त्याचं काम संपलं. आपला पासवर्ड नेमका उलटा: एकट्याचा, आणि वर्षानुवर्षं तोच.

असा एकट्याचा पासवर्ड कॉम्प्युटरवर आला १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटीत. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायची सोय केली. माणसं अनेक, यंत्र एक, मग ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या कशा ठेवायच्या? प्रत्येकाला एक शब्द द्यायचा. फार खोल विचार त्यामागे नव्हता. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला मिळालेले आठवड्याचे चार तास पुरेनात. त्याने काय करावं? पासवर्डची अख्खी फाईलच प्रिंटरवर छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम सुरू ठेवलं. १९६६ मध्ये तर त्याहून मोठी फजिती झाली. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

या घोळातून शास्त्रज्ञांनी धडा घेतला. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही. त्याचं गणिती पीठ करून ठेवायचं. पिठावरून दाणा परत मिळत नाही, पण तोच दाणा पुन्हा दळला तर तेच पीठ येतं. म्हणून तुम्ही कितीही विनवणी केली तरी चांगली कंपनी तुमचा जुना पासवर्ड सांगत नाही. तिच्याकडे तो नसतोच. 'फरगॉट पासवर्ड' दाबल्यावर जुना सापडत नाही, नवा बनतो. एखादी वेबसाइट तुमचा जुना पासवर्ड मेलवर जसाच्या तसा पाठवत असेल, तर तिथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरत जाऊ नका.

आता आपल्याकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या शेवटी निकनेट नावाचं सरकारी जाळं उपग्रहामार्फत देशभरातल्या जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचत होतं. जालना जिल्हा तेव्हा नवाच, १ मे १९८१ ला औरंगाबादमधून वेगळा झालेला. पण हे जाळं साहेबांचं, आपलं नव्हे. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, ही सरकारी कंपनी. शहरं चार: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. पूर्ण कनेक्शन हवं असेल तर वर्षाला १५,००० रुपये, वापरायला तास फक्त २५०. विद्यार्थ्यांचं खातं स्वस्त होतं, पण त्यात चित्रं नाहीत. काळा पडदा, त्यावर 'लॉगिन' हा शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. फोनलाइनवरून जोडणी, ती लागायलाच नशीब लागायचं. सुरुवातीचे महिने इतके वाईट गेले की कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांना जाहीरपणे चूक कबूल करावी लागली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तेव्हा मेल कनेक्शनला बांधलेला होता. ज्याच्या घरी कनेक्शन, त्यालाच मेल. हे बंधन तोडलं हॉटमेलने. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ते सुरू केलं. नावातच एचटीएमएल ही अक्षरं दडलेली आहेत, कारण मेल उघडायला फक्त ब्राउझर पुरे. वर्ष-दीड वर्षात, डिसेंबर १९९७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. मग याहू मेल आला, मुंबईतून रेडिफमेल आला.

स्वतःचा कॉम्प्युटर नाही, स्वतःचं कनेक्शन नाही, पण मेल स्वतःचा. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावात सायबर कॅफे चालला तो याच जोरावर.

पण या सोयीत एक मेख होती. खातं बहुतेक वेळा कॅफेवाल्यानेच काढून दिलं. किंवा एमएस-सीआयटीच्या सरांनी. २००१ नंतर हा कोर्स महाराष्ट्रभर पसरला, सरकारी नोकरीसाठी त्याचं सर्टिफिकेट लागू लागलं, आणि हजारो मुलामुलींचा पहिला मेल आयडी त्या क्लासमध्ये निघाला. बॅच मोठी, तास संपत आलेला, मग सगळ्यांचा पासवर्ड साधारण एकच. आयडी मात्र एकेकाचा ऐकण्यासारखा! रॉकिंग अमुक, प्रिन्स तमुक. पुढे तोच आयडी तलाठी भरतीच्या फॉर्मवर लिहायची वेळ आली.

सरकारलाही 'कॅफेत बसलेला माणूस कोण' हा प्रश्न पडलाच. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र सक्तीचं केलं. वहीत नाव, पत्ता, ओळखपत्राचा तपशील, कुठल्या कॉम्प्युटरवर बसला, लॉगिनची आणि लॉगआउटची वेळ, सगळं लिहायचं आणि नोंदी किमान वर्षभर ठेवायच्या. केबिनचं पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, हेही नियमात होतं. म्हणजे एक लॉगिन स्क्रीनवर, दुसरं पेनाने वहीत.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो: गुप्त प्रश्न. पासवर्ड विसरलात? मग सांगा, आईचं माहेरचं आडनाव काय? पहिली शाळा कोणती? हे प्रश्न ज्यांनी काढले ते मोठ्या शहरातले असणार, जिथे शेजारी कोण राहतो हेही माहीत नसतं. आपल्याकडे आईचं माहेरचं आडनाव म्हणजे मामाचं आडनाव. ते अख्ख्या गावाला पाठ. लग्नाच्या बायोडाटात तर स्वतंत्र ओळच असते: मामाचं आडनाव आणि गाव. त्याच कागदावर जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण. आणि हा कागद व्हॉट्सॲपवर कुठे कुठे फिरतो हे घरच्यांनाही सांगता येणार नाही. अख्ख्या गावात जिल्हा परिषदेची शाळा एक, मग 'पहिली शाळा कोणती' हे गुपित कुणापासून?

हे फक्त गावातच घडतं असं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं एका कॉलेजच्या मुलाने उघडलं. त्याने काही फोडलं नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी ओळख कुठे झाली, ही उत्तरं इंटरनेटवर शोधली आणि पासवर्ड बदलून टाकला. पुढे २०१५ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्यांचा 'आवडता पदार्थ' पहिल्याच प्रयत्नात जवळजवळ २० टक्के वेळा ओळखता येतो. पिझ्झा, दुसरं काय!

गुप्त प्रश्न मागे पडले आणि त्यांची जागा मोबाइल नंबरने घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, कॅफे रोडावले. आता नवा अँड्रॉइड फोन घेतला की ॲप टाकायला गूगलचं खातं लागतं. ते कोण काढतो? बऱ्याचदा फोन विकणारा मुलगा, दुकानाच्या काउंटरवर, दोन मिनिटांत. नाव तुमचं, पासवर्ड त्याच्या सवयीचा, रिकव्हरी नंबर कधी वडिलांचा, कधी त्याचाच. कॅफेवाला गेला आणि मोबाइलवाला आला, चावी दुसऱ्याकडेच राहिली. हाच फोन रीसेट मारला की आधीचं गूगल खातं मागतो आणि पुढे सरकतच नाही. सेकंडहँड फोन घेणाऱ्यांनी हे भोगलंय.

मोबाइल नंबरही कायमचा नसतो. रिचार्ज नाही केला, सिम बंद पडलं, तर बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या मेलचा ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल.

मग खातं अडकलं तर काय करायचं? पासवर्ड टाकण्याआधी कीबोर्ड बघा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर मराठी अंक पडू शकतात, आणि यंत्राला मराठी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं वाटतात. डोळ्याचं चिन्ह दाबून काय टाइप झालंय ते पाहा. ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडून बसला, तर फोनची तारीख आणि वेळ तपासा. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली असेल तर असं होतं.

पासवर्ड खरंच गेला असेल, तर रिकव्हरीचा प्रयत्न कुठून करता याला फार महत्त्व आहे. गूगल बघतं की हा फोन, हा ब्राउझर, ही जागा ओळखीची आहे का. समजा तुम्ही छत्रपती संभाजीनगरला शिकायला आहात आणि जुना फोन परतूरला लहान भावाकडे आहे. मग होस्टेलवर डोकं आपटण्यापेक्षा सुट्टीत घरी जा, त्याच फोनवर, घरच्याच नेटवरून प्रयत्न करा. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर जुना का होईना, टाका. विचार न करता पुन्हा पुन्हा प्रयत्न केले की काही काळ दार बंद होतं. तेव्हा थांबायचं.

एक काम मात्र करू नका. 'जीमेल कस्टमर केअर' असं शोधून सापडलेल्या नंबरवर फोन लावू नका. फोनवर पासवर्ड सोडवून देणारी अशी सेवा गूगल चालवत नाही. पलीकडचा माणूस ओटीपी मागणार, आणि मेलबरोबर बँकेचं खातंही जाणार. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आणखी एक. २०२३ मध्ये गूगलने ठरवलं की दोन वर्षं न वापरलेली खाती मिटवता येतील, आणि त्या डिसेंबरपासून ते सुरूही झालं. दहावीत काढलेला आणि नंतर न उघडलेला आयडी एखाद्या अर्जाला जोडलेला असेल, तर आजच उघडून बघा.

आता कंपन्या म्हणतात पासवर्डच नको, पासकी घ्या. २०२३ पासून गूगल खात्याला ती चालते. फोनच्या सेन्सरवर बोट ठेवलं की आत. मला यात मजा वाटते. अंगठ्याची गोष्ट भारतात जुनी आहे. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेलने एका ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला, १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि २०१० मध्ये देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ज्याला लिहिता येत नाही त्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं. आता शिकलेसवरलेले सगळे अंगठाच टेकवणार. पण ऊसतोडीने, वीटभट्टीने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, त्यांना रेशन दुकानातलं मशीन आजही परत पाठवतं. फोनच्या पासकीत निदान स्क्रीनलॉकचा पिन तरी चालतो.

आणि फोनच हरवला तर? गूगलच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये बॅकअप कोड मिळतात. दहा कोड, प्रत्येकी आठ अंकी, एक कोड एकदाच चालतो. ते स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका. कागदावर उतरवा, आणि घरात सातबारा, रेशनकार्ड, टीसी ज्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत ठेवा. रिकव्हरी नंबर कुणाचा आहे, तेही हा भाग संपल्यावर लगेच बघून घ्या.