खर्जाची तार आणि मिरजेची वाट

आमच्या वाळपईचा पाऊस ज्याने काढला आहे, त्याला तंबोऱ्याचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. मृग लागला की घरातल्या मिठाला पाणी सुटते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, दारे फुगून चौकटीत अडकून बसतात. सागवानी दारांची ही गत, तर पोकळ भोपळ्यावर पातळ लाकडाची तबली बसवलेल्या वाद्याचे काय होत असेल? आमच्या घरी एक तंबोरा होता, आजही आहे. आजोबांनी घेतलेला आणि काकांनी हयातभर वाजवलेला. पावसाळाभर तो गवसणीत घालून चुलीकडच्या भिंतीला उभा असे. दसऱ्याला बाहेर निघे. जोडीच्या तारा कशाबशा जुळत, पण चौथी तार, खर्जाची, काही केल्या बोलत नसे. नुसता बोदा आवाज. काका (आम्ही सारे त्यांना भाई म्हणत असू) ती तार दोनतीनदा छेडत, भोपळ्याला कान लावत आणि म्हणत, "ह्याला मिरजेला न्यायला हवा."

वाळपईत हाताला कुशल सुतार होते. सत्तरीत लाकडाला तोटा नव्हता. पेटीचा भाता फाटला किंवा सूर बसला तर तो दुरुस्त करणारा माणूस डिचोली-म्हापशाकडे सापडे. तंबोऱ्याला मात्र मिरजच. आणि हे काही आमच्याच घरचे खूळ नव्हते. गोव्यातून, बेळगाव-धारवाडहून, पुण्या-मुंबईहून मंडळी तंबोरे घेऊन मिरजेला जात, किंवा तिथल्या कारागिराच्या फेरीची वाट पाहत. वाद्य विकत घेतले, पैसे मोजले, संबंध संपला, असे या धंद्यात कधी झाले नाही. हे असे का झाले, याचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मिरजेच्या सतारमेकरांचे मूळ शिकलगारांत आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारे दुरुस्त करणारे. पेशवाई बुडाली, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या, तेव्हा धार लावायला हत्यारेच राहिली नाहीत. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान, आणि दरबारी गाण्याबजावण्याची आवड. त्या गवयांची मोडकी वाद्ये हातात येऊ लागली. फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ती दुरुस्त करता करता स्वतःच वाद्ये घडवायला सुरुवात केली. हा काळ सर्वसाधारणपणे १८५० च्या आसपासचा मानतात. पुढे त्यांची पोरे-नातवंडे त्याच धंद्यात आली, 'सतारमेकर' हेच आडनाव झाले आणि गावात एक सतारमेकर गल्लीही झाली. मला या हकीगतीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा धंदा सुरू झाला तो दुरुस्तीपासून. आधी दुसऱ्याने केलेले वाद्य बरे करायला ते शिकले आणि मग आपले वाद्य करू लागले. त्या घराण्यांच्या स्वभावात ही गोष्ट कायमची राहिली असावी.

मिरजेला मालही सोयीचा होता. भोपळे येत पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या रानांतून. खाण्याचा दुध्या तो हा नव्हे. हा कडू, जाड सालीचा आणि घागरीएवढा होणारा. तो वाळवायचा, आत कोरायचा, भिजवून आकार द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. दांडी आणि तबलीला तुणीचे लाकूड. पुरुषाच्या पट्टीला मोठा भोपळा, बाईच्या पट्टीला लहान. एवढे सगळे झाले की जे तयार होते त्याला पाहणारा तंबोरा म्हणेल, गाणारा म्हणणार नाही. कारण अजून त्याची जवारी लागलेली नसते.

ज्या वाचकांचा गाण्याशी संबंध श्रोता म्हणूनच आला असेल त्यांच्यासाठी जवारीविषयी दोन शब्द. तबलीवर तारा ज्या रुंद, चपट्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला डोळ्याला न दिसणारा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते. त्यातून मूळ सुराबरोबर त्याच्या पोटातले वरचे सूर जागे होतात. म्हणून खर्जाच्या एकाच तारेतून जाणत्याला गंधारही ऐकू येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे केला की आवाज बदलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना याचे इतके नवल वाटले की नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, १९२१ च्या सुमारास, त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर शास्त्रीय निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा वरचा सूर उमटता कामा नये, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो उमटतो, हे त्यांनी दाखवले. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी घालून दिलेला नियम मिरजेच्या शिकलगाराची कानस मोडत होती म्हणायची!

पण हा उतार टिकत नाही, आणि सारी मेख इथेच आहे. तारेच्या घासण्याने घोडीवर चरे पडतात. कोकणपट्टीची हवा लागली की तबली श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते, आणि जवारी बंद पडते. ती पुन्हा उघडायची म्हणजे तार काढायची, कानशीचे दोनचार हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा काढायची. हात जरा जड पडला तर घोडीच बाद. शिवाय प्रत्येक गवयाचा कान निराळा. कुणाला जवारी खुली, झणझणीत हवी, तर कुणाला गोल, दबलेली. म्हणजे कारागिराला माणूस ओळखावा लागतो. वाद्य नुसते करून देऊन भागत नाही. ते ज्याच्यासाठी केले त्याचा गळा ध्यानात ठेवावा लागतो. गवयांची निष्ठा जडली ती इथे.

या बाबतीत अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. किराण्याहून निघालेला हा गवई अखेर मिरजेचा झाला. तंबोरा लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे तर ऐकीव म्हणून सगळ्यांना ठाऊक असते. पण ते स्वतः उत्तम वाद्यदुरुस्तीही करीत आणि प्रवासातही हत्यारे बरोबर बाळगीत, हे कमी लोकांना माहीत असते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा जो अभ्यास केला, ज्याचे पुस्तक १९१० साली निघाले, त्यात खाँसाहेबांचा कान आणि गळा कामी आला. असा गिऱ्हाईक गावातच राहत असेल, तर कारागिराची काय बिशाद की तो ओबडधोबड काम खपवील? २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमालकोईल या आडस्टेशनावर खाँसाहेबांनी देह ठेवला. अस्वस्थ वाटू लागल्यावर त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली, असे सांगतात. त्यांना आणून दफन केले ते मिरजेच्या ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यात. तिथे उरुसात आजही गवई हजेरी लावून जातात, आणि हजेरी झाली की सतारमेकर गल्लीतही एक चक्कर होतेच.

आमच्या गोमंतकाची वाटही याच मुलखातून जाते. केऱ्याच्या केसरबाई आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडेच शिकल्या. पुढे गोव्यात परतल्यावर डिचोलीजवळच्या लामगावात त्यांना वझेबुवांची तालीम मिळाली. कुर्डीच्या मोगूबाईंचा सूर अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला तो सांगलीत. मंगेशीच्या दीनानाथांनी बिऱ्हाड थाटले तेही सांगलीतच. गोव्याने गळे दिले आणि घाटावरच्या त्या दहा-वीस मैलांनी त्यांना तालीम, नाटक कंपनी आणि तंबोरा दिला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. वाळपईसारख्या गावातली आमच्या भाईंसारखी मंडळी काही मोठे गवई नव्हेत. देवळातल्या उत्सवात गाणार, गावच्या नाटकात पदे म्हणणार. पण तंबोरा म्हटले की त्यांनाही मिरजेशिवाय दुसरे नाव सुचत नसे.

आणि मग १९५५ साल आले. सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सरहद्द बंद झाली, मडगाव-कुळ्याहून लोंढ्याकडे जाणारी आगगाडी थांबली. बेळगावला लग्न करून दिलेल्या बहिणींची तोंडे दिसेनाशी झाली, तिथे तंबोऱ्याची काय कथा! पुढच्या पावसाळ्यात आमच्या तंबोऱ्याची जवारी बसली ती बसलीच. एका ओळखीच्या सुताराने, "आण, घासून देतो," म्हणून पाहिले. भाईंनी हात जोडले. सहा वर्षे ते जोडीच्या दोन तारांवर गायले. खर्जाची तार त्यांनी उतरवून ठेवली होती; बोदी वाजण्यापेक्षा मुकी बरी, असे त्यांचे म्हणणे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगिजांनी जाताना उडवलेले पूल अजून धड बांधूनही झाले नव्हते. १९६२ च्या उन्हाळ्यात भाई निघाले, आणि मला दहा वर्षांच्या पोराला गवसणीची खालची बाजू धरायला बरोबर घेतले. मोलेवरून अनमोडचा घाट, लोंढ्याला मीटरगेजची गाडी, बेळगाव मागे टाकून मिरज. सबंध प्रवासात तंबोरा भाईंच्या मांडीवर. माझे पाय अवघडले होते याची त्यांना शुद्धही नव्हती.

दुकान म्हणजे एक ओटा. भिंतीला ओळीने भोपळे टांगलेले, खाली भुसा, लाखेचा वास. ज्यांच्याकडून आजोबांनी वाद्य घेतले ते वारले होते. मुलगा बसला होता. भाईंनी गवसणी सोडली. त्याने भोपळ्याच्या गळ्यापाशी कोरलेल्या पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे तर अब्बांच्या हातचे काम." मग वर न पाहता, "गोव्याचे तुम्ही. पट्टी काळी एक ना?" भाईंना बोलवेना. सहा वर्षांत न पत्र, न निरोप, आणि याला पट्टी आठवते!

त्यानंतर पाहिलेले मी विसरलेलो नाही. त्याने घोडी उजेडाकडे धरून डोळा बारीक केला, कानशीचे चार हात मारले, तार चढवली, छेडली. पुन्हा उतरवली. असे किती वेळ चालले कोण जाणे. मी दोनदा बाहेर जाऊन शेंगदाणे खाऊन आलो. अखेरीस धागा सरकवता सरकवता एकाएकी सबंध ओटा गुंजायला लागला. भाईंनी मान खाली घातली होती. पैशांचे विचारले तेव्हा त्याने फक्त तारांचे घेतले. भाई आग्रह करू लागले तर म्हणाला, "रस्ता सरकारांनी बंद केला, त्यात तुमचा काय दोष? दरवर्षी आणला असतात तर एवढा बिघडलाच नसता."

पुढे १९६७ चा जनमत कौल आला, गोव्यात घराघरांत दोन पक्ष पडले. बेळगाव १९५६ पासून तिकडे, मिरज इकडे, आणि आम्ही तिसरीकडे. आजही वाळपईहून चोर्ल्याच्या घाटाने निघालेला तंबोरा एका दिवसात तीन राज्यांची हवा खातो. नाक्यावर कुणी विचारले, "यात काय?" तर भाई सांगत, "दुखणेकरी आहे."

पेटीच्या बाबतीत असे नाते जडलेले मी पाहिले नाही. पेटीचे सूर ठरलेले. जो दुरुस्त करील तो आपला. आणि १९७९ साली बंगळुरूच्या राज नारायण यांनी 'राडेल'चा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणल्यावर तर तंबोऱ्याचेही तसेच होणार असे वाटले. पावसात फुगत नाही, तार तुटत नाही, कळ दाबली की सूर. मी स्वतः तो वापरला आहे आणि त्याला नावे ठेवणार नाही. वाळपईच्या दमट हवेत रियाज चालू राहिला तो त्याच्यामुळे. आता तर मोबाईलमध्येच तंबोरा असतो. पण मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे लागतातच, आणि ते मिरजेचेच असावेत असा आग्रह अजून पुष्कळांचा आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगलेच झाले. मात्र मानांकन नावाचे रक्षण करील; दिवसभर एका घोडीवर वाकून बसायला तयार असलेला पोरगा कुठून आणायचा, हा प्रश्न त्याने सुटणार नाही. लाकूड महाग, भोपळ्याचे पीक हवेच्या भरवशावर, आणि जवारीचे काम तर पुस्तकातून शिकता येण्यासारखे नाही.

भाई गेले त्याला बरीच वर्षे झाली. तंबोरा आता पुतणीकडे आहे. ती पांढरी चारमध्ये गाते, म्हणजे खरे तर हा भोपळा तिच्या पट्टीला मोठाच. गेल्या श्रावणात तिने खर्जाचा आवाज मोबाईलवर मुद्रित करून मिरजेला धाडला. त्या ओट्यावर आता नातू बसतो. त्याचा उलट निरोप आला : तार उतरवा, पाऊस पुरता थांबू द्या, आणि कार्तिकात घेऊन या; पट्टी बदलली आहे तर घोडी नवी करावी लागेल, जुनी फेकू मात्र नका.

जुनी घोडी पुतणीने कापसात गुंडाळून डबीत ठेवली आहे. गवसणीचे बंद तेवढे नवे शिवून घ्यायचे राहिले आहेत.