पॅरामीटरचा पूर्वेतिहास

डेटाबेसला पाठवावयाच्या क्वेरीत मूल्याची जागा मोकळी ठेवावी व मूल्य मागाहून स्वतंत्रपणे पुरवावे, ही पॅरामीटरची रीत आज सुरक्षिततेचा उपाय म्हणून शिकविली जाते. तिचा उगम मात्र काटकसरीत आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत, १९७० नंतरच्या दशकात, ‘सिस्टिम आर’ ही प्रणाली क्वेरीचे एकदाच यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवी; पुढे दर खेपेस केवळ मूल्य बदले.

या सोयीचे मोल द्यावे लागे. मूल्य ठाऊक नसताना योग्य मार्ग निवडावा कसा? पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७९ च्या निबंधात, ‘अमुकाहून अधिक’ अशी अट असल्यास एकतृतीयांश ओळी जुळतील असे धरले आहे. आणि या आकड्यास विशेष अर्थ नाही, हेही तेथेच प्रांजळपणे नमूद आहे!

क्वेरीच्या मजकुरास मूल्य चिकटविल्यास ते आज्ञा बनू शकते, हे डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात जेफ फोरिस्टल यांनी टोपणनावाने दाखविले. क्वेरीची रचना आधीच ठरलेली असल्यामुळे पॅरामीटरचे मूल्य मूल्यच राहते. जुनी काटकसर अशा रीतीने संरक्षक ठरली.

स्टोअर्ड प्रोसीजर आपोआपच सुरक्षित असते, हा समज मात्र आमच्या मते इतिहासाच्या अपुऱ्या वाचनातून आला आहे. प्रोसीजरने पॅरामीटर स्वीकारून आतल्या आत पुन्हा मजकूर जोडून चालविला, तर तोच दोष परत येतो.