तळटीप : पीट मॅक्लॉस्की

१२. 'तो मरीन खासदार' : पीट मॅक्लॉस्की (१९२७–२०२४). कोरियाच्या युद्धात अमेरिकेच्या मरीन दलाचे अधिकारी. नेव्ही क्रॉस व सिल्व्हर स्टार ही शौर्यपदके मिळाली, जखमीही झाले. १९६७ साली कॅलिफोर्नियातील पोटनिवडणुकीत रिपब्लिकन म्हणून निवडून आले. पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांत एकेकाळची लाडकी बालनटी शर्ली टेंपल होती, त्यामुळे वृत्तपत्रांना तिच्या पराभवाचेच अप्रूप अधिक. व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून १९७२ मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उमेदवारीसाठी आव्हान दिले. न्यू हॅम्पशरमध्ये सुमारे २० टक्के मते पडली आणि प्रचार आटोपला. पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या नावावर अवघे एक मत नोंदले गेले, न्यू मेक्सिकोच्या एका प्रतिनिधीचे. मूळ लेखक त्यांना सरसकट 'शांततावादी' म्हणतो, ते पटत नाही. मरीन असल्याचा त्यांना अभिमान होता; आक्षेप होता तो या युद्धावर. त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न हेही युद्धविरोधकच, आणि दुसऱ्या महायुद्धात ३५ मोहिमा केलेले बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक. प्रचारात मात्र त्यांनी या कामगिरीचा फारसा गाजावाजा केला नाही. ५० पैकी ४९ राज्ये निक्सन यांच्याकडे गेली.