सतरावी प्रतिज्ञा आणि दारूतून बाहेर पडण्याचे शिक्षण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत ती लहान पोरांनाही पाठ असते. तरी त्याच वस्त्यांतला एखादा तरुण दारूत बुडतो आणि आपले लोक म्हणतात, "त्याने प्रतिज्ञा मोडली, तो कसला आंबेडकरवादी!" हा निकाल आम्हाला मान्य नाही. चळवळीचा इतिहास नीट वाचला तर तो तुम्हालाही मान्य होणार नाही.

आधी दारूचा पैसा कुठे जातो ते पाहू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. शिंदी-दारू पिणारा राबणारा माणूस, कमावणारे ठेकेदार आणि सरकार. १९४८ मध्ये निजाम गेला, पण तिजोरीचे दारूशी असलेले नाते गेले नाही. म्हणून 'ही जातच पिणारी' हा टोमणा आधी फेकून द्या. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच पुणे नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या दारू दुकानांना विरोध केला होता. दोष पिणाऱ्याच्या रक्तात नसून विकणाऱ्या व्यवस्थेत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

मग दारूबंदी हाच उपाय का? इथे बाबासाहेबांची भूमिका अनेकांना ठाऊक नसते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी दारुड्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, असे बजावले होते. इतका कडक विरोध असूनही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्याने सरकारी दारूबंदीला ठाम विरोध केला. बंदीने महसूल बुडतो आणि दारू घरोघरी गाळली जाऊन बायका-पोरांपर्यंत पोचते, हा त्यामागचा युक्तिवाद होता. पाचच वर्षांनी त्याच बाबासाहेबांनी लाखोंना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. त्यांचा भरवसा पोलिसाच्या दंडुक्यावर नव्हता, माणूस बदलण्यावर होता.

माणूस बदलतो कसा? पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. म्हणूनच ते एकदा घेऊन संपत नाही, प्रत्येक वंदनेत पुन्हा घ्यावे लागते. पाचव्या शीलात मद्याला 'पमादट्ठान' म्हटले आहे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण. शिकायची आहे ती सावधता. सिगालोवाद सुत्तात बुद्ध दारूचे सहा तोटे सांगतात: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, बदनामी होते, लाज सुटते, बुद्धी क्षीण होते. पण ते तिथे थांबत नाहीत. खोटा मित्र कसा ओळखावा, कमाईचे चार भाग कसे करावेत, घरातल्या माणसांशी कसे वागावे, हेही सांगतात. आज ज्याला 'जीवनकौशल्ये' म्हणतात ती हीच.

आधुनिक शास्त्र याच वाटेवर आले आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या ग्रंथात दाखवले की दारू सोडलेला माणूस पुन्हा घसरतो तो ठरावीक प्रसंगी: राग-निराशा, भांडण, मित्रांचा आग्रह. हे प्रसंग आधी ओळखून त्यांची तालीम करता येते. पुढे त्यांच्याच गटाने सिएटलच्या तुरुंगात विपश्यनेचा व्यसनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. आपल्याकडे १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथे गटचर्चा, कामाची शिस्त, घरच्यांचा सहभाग आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा यांवर भर दिला जातो.

आपण मात्र प्रतिज्ञा दिली आणि तालीम विसरलो. गावोगावच्या बायकांनी आडवी बाटली करून दुकाने बंद पाडली, त्यांना आमचा जय भीम. पण दुकान बंद झाले तरी संध्याकाळी सात वाजता होणारी तलफ बंद होत नाही. मजुरी हातात पडली की पाय कुठे वळवायचे, दोस्ताला 'नाही' कसे म्हणायचे, अपमान गिळून घरी आल्यावर काय करायचे, हे शिकवणार कोण?

हे काम विहारांनी घ्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक आणि त्यांच्या घरच्या बायकांची वेगळी बैठक. तिथे 'नाही' म्हणण्याची तालीम करा. मजुरी मिळते त्या दिवशीच तिचे भाग पाडा. घसरलेल्याला हाकलू नका. कुठल्या वेळी, कुणासोबत घसरला ते विचारा आणि पुन्हा शील घेऊ द्या. एक खबरदारी मात्र घ्याच: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या.

नामांतरासाठी पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांनी ज्या जिल्ह्यात प्राण दिले, तिथला एकही तरुण आपण बाटलीला देणार नाही. पुढच्या रविवारची वंदना झाली की सतरंजी गुंडाळू नका. पहिली बैठक तिथेच घ्या.

जय भीम.