जबलपूर : एका निवाड्याचे नाव

जबलपूर हे नाव उच्चारताच प्रवाशाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात आणि धुवाँधारचा घोष कानी पडू लागतो. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींना या गावाविषयी आणखीही एक जवळीक वाटते. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता; आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाची परंपरा घेऊन राज्याचे उच्च न्यायालय येथेच स्थिरावले. परंतु कायद्याच्या अभ्यासकाला विचाराल, तर 'जबलपूर' म्हणताच त्याला ना नर्मदा आठवते, ना मदनमहाल. त्याला आठवतो एक निवाडा. त्या निवाड्याची आणि समलिंगी स्त्रीपुरुषांच्या जीवनाची गाठ कशी पडली, हे सांगण्याचा या लेखात विचार आहे.

कहाणीचा आरंभ थोडा मागून करावयास हवा. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्धीस आलेला स्लीमन याच गावी राहून आपले काम चालवीत असे. त्याच्या मोहिमेला बळ देणारा १८३६ चा तिसावा कायदा मोठा विलक्षण होता. अमुक माणसाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची आता गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले, की जन्मठेप. ठगांविषयी कोणाला कणव वाटावी असे नाही. परंतु माणसाने काय केले यापेक्षा तो कोण आहे हे पाहून त्याला गुन्हेगार ठरविण्याची रीत सरकारी दप्तरात शिरली, ती तेथून निघाली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा याच वळणाचा. त्याच्या दुसऱ्या भागात उत्तर हिंदुस्थानातील हिजड्यांच्या नावांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंदलेल्या माणसाने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे, गाणे, नाचणे हादेखील अपराध ठरला. त्याआधीच, १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३७७ आले होते. दोघा प्रौढ माणसांचा राजीखुशीचा समलिंगी संबंधही त्यात 'निसर्गक्रमाविरुद्ध' म्हणून गणला गेला, आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होती. ज्या इंग्रजांनी हे कलम आपल्याला दिले, त्यांनी इंग्लंडात अशा खासगी संबंधांवरील बंदी १९६७ साली उठविली. आपल्याकडे मात्र ते कलम अर्धशतक अधिक नांदले.

या विषयाची चर्चा करणेसुद्धा एके काळी किती महाग पडे, हे मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण अप्रिय विषयावर बोलणाऱ्याचेही रक्षण व्हावे, हा आग्रह मराठी माणसांनीच न्यायासनापुढे धरला होता, ही आठवण जपण्यासारखी आहे.

आता जबलपूरचा निवाडा. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. हजारो माणसे 'मिसा' कायद्याखाली तुरुंगात गेली, आणि न्यायालयात दाद मागण्याचा त्यांचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने तहकूब झाला. शिवकांत शुक्ल या स्थानबद्धाने जबलपूरच्या उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने सांगितले, की अशा अर्जाचा विचार करता येतो. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी हीच भूमिका घेतली. सरकार वरच्या न्यायालयात गेले, आणि अपील करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदावरून खटल्याला नाव मिळाले : 'अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. म्हणजे ज्या गावच्या न्यायालयाने नागरिकाची बाजू राखली, त्याच गावाचे नाव पुढे त्याच्या असहायतेची खूण होऊन बसले.

सुनावणीच्या वेळी न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारले, की एखाद्या पोलिसाने केवळ वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरीही न्यायालयाकडे इलाज नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघा न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. त्या चौघांत एक होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, जे पुढे सरन्यायाधीश झाले. एकटे खन्ना वेगळे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता डावलून त्यांचे सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

पुढे आणखी एक प्रकरण जबलपूरच्या न्यायालयापुढे आले. १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यात असलेल्या कटनी शहराने कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला महापौर म्हणून निवडून दिले. शेजारच्या शहडोल भागातील सोहागपूरच्या शबनम मौसी याच सुमारास विधानसभेत बसल्या होत्या. पण कटनीचे पद स्त्रियांसाठी राखीव होते. कमला जान या कायद्याने पुरुषच, असे ठरवून २००२ साली ती निवड रद्द झाली, आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. मतदारांना जे उघड दिसत होते, त्यासाठी कायद्यापाशी रकानाच नव्हता. तो रकाना १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्माण केला : आपण कोण, हे ज्याचे त्याने सांगावे.

समलिंगी नागरिकांचा मार्ग याहून वाकडा निघाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, सोलापुरात जन्मलेल्या न्या. अजित प्रकाश शाह यांच्या नेतृत्वाखाली, ३७७ ची नांगी मोडली. तेव्हा कितीजणांनी धीर करून घरी, मित्रांत आपले मन उघड केले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. कारणांत एक कारण असे, की असे लोक संख्येने अत्यल्प, आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी जणांवर खटले झालेले. ज्यांनी नुकतेच तोंड उघडले होते, त्यांना पुन्हा गुन्हेगाराच्या पंक्तीत बसावे लागले.

या दोन धाग्यांची गाठ पडली २४ ऑगस्ट २०१७ रोजी. खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने 'होय' म्हटले. त्यांत जबलपुरी मुख्य न्यायाधीश राहिलेले नागपूरचे शरद बोबडे होते. चौघांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिले ते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी; आणि त्यात वडिलांनी ज्याला संमती दिली होती, तो जबलपूरचा निवाडा स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. जीवित आणि स्वातंत्र्य ही राज्याने दिलेली देणगी नाही, म्हणून ती राज्याला परतही मागता येत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच निकालपत्रात २०१३ च्या निर्णयाचाही समाचार आहे. माणसाचा लैंगिक कल हा त्याच्या खासगीपणाचा गाभा आहे, आणि हक्क मोजताना डोकी मोजावयाची नसतात, असे त्यांनी बजावले.

या दोन गोष्टी एकाच निकालपत्रात आल्या, हा योगायोग म्हणता येत नाही. कोठडीतला कैदी आणि भिंतीआड जगणारा समलिंगी माणूस यांचा प्रश्न मुळात एकच होता : सत्तेची वा बहुमताची मर्जी फिरली, तर माणसापाशी स्वतःचे असे काही उरते की नाही? एकदा 'उरते' असे उत्तर दिल्यावर ३७७ ला आधार राहिला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते कलम एकमताने रद्द केले. त्या पाचांत धनंजय चंद्रचूड तर होतेच. शिवाय दीपक मिश्र आणि अजय खानविलकर हे दोघेही पूर्वी जबलपूरच्या न्यायासनावर बसलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत तर ३७७ चा मागमूसही नाही.

कायद्याचा इतिहास येथवर आला. समलिंगी विवाहाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला, की अशा जोडीदारांनी बँकेत संयुक्त खाते उघडण्यास वा एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणताही प्रतिबंध नाही. खुलाशापुरतीच ही बाब; पण पेन्शन, वारसनोंद, नामनिर्देशन यांत आयुष्य घालविलेल्या आपल्या वर्गाला तिचे मोल निराळे सांगावयास नको. ज्या माणसाबरोबर वीस वर्षे संसार केला, त्याचे नाव कागदावर 'मित्र' म्हणूनही येऊ नये, हे दुःख केवढे असेल!

पुण्यात २०११ पासून समलिंगी मंडळी 'अभिमान' या शब्दाखाली मिरवणूक काढतात. त्यांनी उघडपणे रस्त्यावर का यावे, असे आपल्यातील पुष्कळजण विचारतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लाज शिकविली गेली, त्यांनी दुसरा कोणता शब्द निवडावा? आणि खरी कसोटी मिरवणुकीत नाहीच. ती आपल्या क्वार्टरमध्ये आहे. हळदीकुंकवाला, गणेशोत्सवाला, परगावच्या आपल्या लहानशा मराठी वर्तुळात चाळिशीच्या अविवाहित सहकाऱ्याला आपण हटकून 'लाडू केव्हा?' असे विचारतो, आणि तो हसून वेळ मारून नेतो. दिवाळीला घरी न येणाऱ्या मुलाच्या कामाचा व्याप आपण शेजाऱ्यांना वर्णन करून सांगतो. जे न्यायालयाने मान्य केले, ते आपल्या घरात बोलण्याची मुभा अजून कोणी दिलेली नसते.

२०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीला ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपविले. ज्या कचेरीच्या नावाने १९७६ सालचा तो निवाडा ओळखला जातो, तिच्याच प्रमुखाच्या टेबलावर हा अर्ज आला. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला प्रथम 'बसा' म्हणावे, एवढे तर त्या खुर्चीवरील कोणालाही, कोणत्याही कायद्याची वाट न पाहता, करता येण्याजोगे आहे.