साठी, बुद्धी नाठी?

पिंगळीच्या पारावर एखादे आजोबा नाव विसरले, की लगेच कोणी म्हणतो, 'साठी बुद्धी नाठी!' मुंबईचे डॉ. दाराब दस्तूर यांनी अमेरिकेत केटी, सोकोलॉफ यांच्यासह पासष्टीपुढचे निरोगी पुरुष तपासले. तेव्हा मेंदूच्या कामाचे चित्र निघत नसे; वायू हुंगवायचा आणि रक्तावरून हिशेब मांडायचा. १९६३ साली उत्तर छापून आले: प्राणवायूचा खप जवळजवळ तरुणांइतकाच, साखरेचा मात्र थोडा कमी. रक्तवाहिन्या कडक झालेल्यांत रक्तपुरवठाही घटलेला. म्हणजे सगळा दोष वयाचा नव्हेच! पुढे किरणोत्सारी साखर टोचून चित्रे निघू लागली. २००२ साली मुंबईत परळला तसे यंत्र आले. निरोगी म्हातारपणी कपाळामागचा भाग जरासा मंदावलेला दिसतो. अल्झायमर रोगात मात्र कानशिलाकडचा आणि त्यावरचा. तेव्हा आजोबा रोजची वाट चुकू लागले, तर परभणीला दाखवाच.